खोकणारा ड्रॅगन

टक. टक्. टकटकटक... आणि मग काहीतरी घरंगळत फ्रीजखाली जाऊन गप्प झालं.

बाळ नुकतं झोपलं होतं. नुकतं म्हणजे किती, तर आईने त्याच्या मानेखालून आपला हात इंचाइंचाने सोडवला होता, चवड्यांवर चालत स्वयंपाकघर गाठलं होतं, ती खुर्ची न सरकवता खुर्चीत बसली होती आणि तिने वहीचं पान न वाजवता उलटलं होतं, एवढं नुकतं. रविवारची दुपार. घरात अशी शांतता की नळातून पडणाऱ्या थेंबालाही अपराधी वाटावं. आणि नेमका तेव्हाच तिच्या कोपराचा धक्का लागून टेबलावरचा वीस बाजूंचा फासा खाली पडला.

आतून बाळाने आधी चाचपणीचा एक आवाज काढला, मग जरा मोठा दुसरा, आणि मग रीतसर तक्रार दाखल केली.

बाळाला खांद्यावर टाकून, झाडूच्या दांड्याने तिने फ्रीजखालून फासा बाहेर ओढला. त्यावर सतरा आलं होतं. त्यावर सतराच यायचं. तो त्या फाशाचा स्वभाव होता.

फासा कोपऱ्यावरच्या सुताराने केलेला. दुकानातून मागवला तर पंधरा दिवस लागणार होते आणि शनिवार तर उंबऱ्यावर येऊन उभा होता. सुताराने आधी तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं होतं.

"वीस बाजू?"

"हो. सगळ्या सारख्या."

"वहिनी, लाकडाला सहा बाजू असतात. फार तर आठ करतो. वीस म्हटलं तर गोलच होणार ते."

"गोल नको. गोल असलं तर थांबणार कसं?"

"थांबायला पाहिजे होय?" सुतार विचारात पडला. "मग एक बाजू जरा मोठी ठेवतो. बरोबर थांबेल."

आणि ते बरोबर थांबायला लागलं. सतरावर.

हे सगळं सुरू झालं लिफ्टमध्ये. नव्या घरात येऊन तीन महिने झाले होते, आणि आठ वर्षांच्या मुंगीची इथे एकाही मुलाशी ओळख झाली नव्हती. मुंगी हे अर्थातच तिचं शाळेतलं नाव नव्हे. पण ती इतकी गुपचूप इकडून तिकडे जायची की घरात दुसरं नाव टिकलंच नाही. शाळेतून आली की ती लिफ्टच्या बटणांशी बोलायची. "चार, आज तुला कितीदा दाबलं?" असं विचारताना आईने तिला एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि त्या दिवशी ऑफिसात तिने एका साध्या पत्रावर तीनदा चुकीची तारीख घातली होती.

परवाच्या गुरुवारी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरची चष्मेवाली मुलगी आणि पहिल्या मजल्यावरचा दांडगा एकमेकांना ढकलत हसत होते. मुंगी आईच्या पाठीमागे इतकी आत सरकली होती की लिफ्टच्या भिंतीवर तिचा ठसा उमटला असता. ते बघून आईच्या तोंडून, कसं कोण जाणे, निघून गेलं, "शनिवारी चार वाजता खाली हॉलमध्ये आमची मुंगी जादूचा खेळ ठेवतेय. ड्रॅगन वगैरे आहे. या हं."

हा शनिवार नाही, पुढचा, एवढं म्हणायचं भान तिला राहिलं, हेच नशीब.

"खरा ड्रॅगन?" चष्मेवालीने विचारलं.

"म्हणजे काय!" आई म्हणाली.

सहाव्या मजल्यावर मुंगी आधी घरात शिरली. दार लावल्यावर म्हणाली, "आई, आपल्याकडे ड्रॅगन आहे?"

"होईल."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

"येतील गं."

"नाही आले तर मी परत लिफ्टने जाणार नाही," मुंगी शांतपणे म्हणाली. "जिन्याने जाईन. कायम."

सहा मजले. कायम. पाठीवर दप्तर. आईने वही काढली.

खेळाची माहिती नवऱ्याने पुरवली. कॉलेजच्या दिवसांत तो आणि त्याचे तीन मित्र असले खेळ खेळायचे. सांगायला त्याला पाच मिनिटं लागली आणि आठवणींत रमायला दीड तास. सार एवढंच की एक जण जग रचून सांगतो, बाकीचे त्यात शिरून "मी आता असं करतो" म्हणतात, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. "पण त्यात बुटके हवेत, उंच कानांचे लोक हवेत, म्हातारा जादूगार हवा," तो म्हणाला. "नाहीतर कोणी खेळत नाही."

म्हाताऱ्या जादूगाराशी आईची जुनी ओळख होती. अकरा वर्षांची असताना वाचनालयात तिला एक पुढचं कव्हर नसलेलं जाडजूड पुस्तक सापडलं होतं. पहिल्या पानावर लिहिलं होतं, भाग दुसरा. पहिला भाग कोणीतरी नेला तो आणलाच नाही, आणि तिसरा कधी आलाच नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. तिने मग तो दुसरा भागच नऊ वेळा वाचला. त्यात फाटक्या झग्याचा म्हातारा होता. तो रोज सकाळी मंत्र पाठ करायचा आणि एकदा म्हटला की तो मंत्र त्याच्या डोक्यातून साफ पुसला जायचा. डोंगर होता, ड्रॅगन होता, हरवलेलं गाढव होतं. आणि शेवटच्या पानावर म्हातारा डोंगरातल्या बंद दारापुढे उभा होता, डोक्यात एकच मंत्र शिल्लक. शेवटचं वाक्य तिला अजून पाठ होतं : म्हाताऱ्याने तोंड उघडलं, आणि.

बस्स. आणि. पुढे पुठ्ठा.

"अगं, हे मंत्र विसरायचं खेळात पण असतं," नवरा उडालाच. "आम्ही तसंच खेळायचो. म्हणजे जुन्या कादंबऱ्यांतूनच ते खेळांत आलं असणार!" लग्नाला दहा वर्षं झाल्यावर आपल्या बायकोत काहीतरी नवीन सापडल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता. तो आनंद बघत बसायला आईला वेळ नव्हता. बाळ उठलं होतं.

आता, आई पाणीखात्यात कामाला होती. नागरिकांना उद्देशून जी पत्रकं निघतात, ती लिहिण्याचं तिचं काम. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, डॉक्टरांकडे नंबर येईपर्यंत, असं जमेल तिथे बसून तिने जादूच्या जगाचे नियम लिहिले, ते आपोआप त्याच भाषेत उतरले. "सदर मंत्र एकदा उच्चारल्यानंतर संबंधित जादूगारास त्याचा विसर पडेल, याची नोंद घ्यावी." "ड्रॅगनच्या गुहेत प्रवेश करण्यापूर्वी प्रत्येकाने किमान एक बादली पाणी भरून ठेवणे बंधनकारक आहे." "बुटक्यांनी उंच कानवाल्यांच्या हद्दीत विनापरवाना खोदकाम करू नये." वाचून तिला स्वतःलाच बरं वाटलं. कलमं होती एकूण चौदा.

सोमवारी सुट्टीच्या वेळात तिने ती पानं झेरॉक्सच्या मशीनवर ठेवली. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला की बाळाने दोन शब्द म्हटले. कोणते, हे ऐकून ती परत येईपर्यंत (एक शब्द "दे" होता, दुसऱ्याबद्दल सासूबाईंचं स्वतःचं असं मत होतं) शिपाईमामांनी मशीनवरचे सगळे कागद गोळा करून साहेबांच्या सहीला नेले होते. मामा कामाला चोख. नको तेव्हाच.

मंगळवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तिची सगळी पानं होती, सर्वांत वर तिसरं. खाली साहेबांची सही, वर खात्याचा शिक्का.

"हे गुरुवारच्या पाणीकपातीच्या पत्रकाला जोडून गेलंय," साहेब म्हणाले. "अकरा सोसायट्यांना."

आईला आपली नोकरी डोळ्यांसमोरून हळूहळू जाताना दिसली. नोकरीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"रद्द केल्याचं पत्रक काढते, सर. लगेच."

"ते नंतर. आधी मला सांगा, कलम सात आणि कलम बारा जुळत नाहीत. सातमध्ये जादूगार मंत्र विसरतो. बारामध्ये दुसऱ्या दिवशी तोच मंत्र परत म्हणतो. कसा काय?"

"सकाळी पुस्तकातून परत पाठ करतो, सर."

"मग तसं लिहा ना! लोक उद्या कोर्टात जातील." साहेबांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणत म्हणाले, "हा म्हातारा... फाटका झगा. हा आधी मीठ विकायचा ना?"

"मला नाही माहीत, सर. मी दुसराच भाग वाचलाय."

"मी पहिलाच." साहेब क्षणभर अगदी अकरा वर्षांचे दिसले. "पहिल्याच्या शेवटी त्याचं गाढव हरवतं हो. सापडतं का नंतर?"

"सापडतं, सर. एकशे चाळिसाव्या पानावर. नदीपलीकडे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिले. "बरं झालं," ते म्हणाले. "जा तुम्ही."

ज्या अकरा सोसायट्यांना ते पान गेलं, त्यांत आईची सोसायटी होती हे सांगायलाच नको. बुधवारी हॉलसाठी अर्ज द्यायला ती सेक्रेटरींकडे गेली, तेव्हा कलम आठ ते अकरा नोटीस बोर्डावर काचेच्या आत, कुलूप लावून, विराजमान झाली होती.

सेक्रेटरींनी तिला छापील फॉर्म दिला. कार्यक्रमाचे स्वरूप : सभा, सत्कार, इतर. तिने "इतर"वर खूण केली.

"इतर म्हणजे नक्की कसं इतर?"

"मुलांचा खेळ आहे, काका. त्यात एक ड्रॅगन असतो..."

"म्हणजे बोर्डावरचा तोच ना?" सेक्रेटरी सावरून बसले. "मॅडम, त्यावर सरकारी शिक्का आहे. ड्रॅगनला आम्ही नाही म्हणूच शकत नाही. वरून आलेला आहे तो. प्रश्न फक्त आगीचा. हॉलमध्ये आग चालणार नाही. गॅसबत्तीसुद्धा चालत नाही, तर ड्रॅगनला सूट कशी देणार?"

"अहो, खोटी आग. तोंडाने सांगायची."

"आज तोंडाने सांगाल, उद्या कोणी मेणबत्ती आणेल. तुम्ही असं करा, ड्रॅगनला आग बंद करा. लिहून द्या तसं."

तिने लिहून दिलं : सदर ड्रॅगन आग ओकणार नाही. मग जुन्या पुस्तकातल्या त्या भव्य, सोनेरी, डोंगराएवढ्या प्राण्याने करायचं तरी काय? बराच विचार करून तिने कंसात पुढे लिहिलं : फक्त खोकेल. सेक्रेटरींनी तेवढं मंजूर केलं.

जिन्यात तिला दुसऱ्या मजल्यावरच्या सरांनी गाठलं. सर निवृत्त झाले होते ते फक्त शाळेतून, रसायनशास्त्रातून नव्हे.

"बोर्ड वाचला मी. मुळात एक चूक आहे. मंत्र म्हटला की दार उघडलं, म्हणता. त्याला ऊर्जा कुठून आली?"

"सर, जादू आहे ती."

"म्हणून काय फुकट? काहीतरी खर्ची पडल्याशिवाय काहीही घडत नाही. जादूगाराचं काय जातं, ते दाखवा!"

"मंत्र विसरतो की तो."

"मंत्र गेला तर काय गेलं? दुसऱ्या दिवशी पाठ करतोच. जे जाऊन दुखेल असं काहीतरी जाऊ द्या." आणि तिला तोंड उघडायला वाव न देता सर वर निघून गेले. त्यांचं घर खालच्या मजल्यावर आहे हे त्यांना बहुधा चौथ्यावर आठवलं असावं.

सासूबाईंचा मुद्दा निराळाच होता. बाळाला भरवता भरवता त्या म्हणाल्या, "ड्रॅगनला शेवटी मारायचं आहे का गं?"

"पुस्तकांत मारतातच, आई."

"नको. खोकला झालेल्याला कोणी मारतं का? त्याची आई असेल कुठेतरी, वाट बघत."

आईने वहीतली तलवार खोडली. वहीत आता बघण्यासारखं जग शिल्लक राहिलं होतं : ड्रॅगनला आग नव्हती, बुटक्यांकडे परवाना नव्हता, तलवार रद्द झाली होती, जादूला खर्च मंजूर व्हायचा होता आणि फाशाला सतराशिवाय काही येत नव्हतं. एवढ्यावर एका मुलीचे सहा मजले अवलंबून होते.

शनिवारी चारला पाच मिनिटं असताना हॉलमध्ये आई होती, मुंगी होती आणि गोल मांडलेल्या आठ खुर्च्या होत्या. मुंगी खुर्च्यांकडे न बघता दाराबाहेरच्या जिन्याकडे बघत होती. पायऱ्या मोजत असावी.

चारला एक मिनिट असताना चष्मेवाली आली. तिच्या हातात पाण्याने भरलेली बादली होती.

"बोर्डावर लिहिलंय," ती म्हणाली.

मागून दांडगा आला, बादलीसकट. मग पाचव्या मजल्यावरच्या जुळ्या बहिणी, दोघींत मिळून एक बादली. मग सर, "मी फक्त बघायला" म्हणत, बादली घेऊन. सेक्रेटरी वाळूच्या दोन लाल बादल्या घेऊन कोपऱ्यात उभे राहिले आणि खेळ संपेपर्यंत बसले नाहीत. सासूबाई बाळाला घेऊन आल्या. बाळाने इतक्या बादल्या एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या. आपला दुसरा शब्द त्याने तिथे सर्वांसमक्ष उच्चारला, आणि सासूबाईंचं मत चूक होतं एवढं नक्की झालं.

आईने सुरुवात केली. डोंगराची वाट, फाटक्या झग्याचा म्हातारा. आवाज जरा थरथरत होता, पण म्हातारा म्हाताराच असल्यामुळे ते खपून गेलं. पहिला मंत्र दांडग्याने म्हटला, पूल जोडायचा. फासा टाकला. सतरा. पूल जोडला. चष्मेवालीने कुलूप उघडायचा मंत्र म्हटला. सतरा. उघडलं. जुळ्यांनी वादळ थांबवलं. सतरा आणि सतरा.

"हा फासा एकच आकडा आणतो," चष्मेवाली चष्मा सावरत म्हणाली. ही मुलगी पुढे मोठी ऑडिटर होणार हे आईने तेव्हाच ओळखलं.

"म्हणजे आपण जिंकणारच," दांडगा म्हणाला, आणि त्याने जांभई दिली. मोठी, सगळे दात दिसतील अशी. "मी जाऊ का बाहेर? बॉल आहे माझ्याकडे."

जुळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने बादली उचललीसुद्धा. आईने वही ओढली. वहीतली पानं चाळताना तिची बोटं कलमांवरून घसरत होती. चौदातल्या एकाही कलमात 'मुलं उठून निघाल्यास काय करावे' हे दिलेलं नव्हतं.

"असं नसतं."

आवाज इतका बारीक होता की आधी कोणाला कळेना कुठून आला. मुंगी खुर्चीतून उठली होती.

"मंत्र असा फुकट नसतो," ती दांडग्याला म्हणाली. "सर म्हणाले ना जिन्यात, जे जाऊन दुखेल असं जायला पाहिजे. मी ऐकलं वरून. मंत्र म्हटला की आपली एक आठवण द्यायची. खरी. चिठ्ठीवर लिहायची आणि फाशाच्या डब्यात टाकायची. मग ती गेली. तुझ्यावर पूल आहे. दे."

"कसली आठवण?"

"तुझी."

दांडगा उभाच राहिला. मग परत बसला, चिठ्ठी घेतली, जिभेचं टोक बाहेर काढून लिहिलं, आणि टाकायच्या आधी, आता जाणारच आहे म्हणून, मोठ्याने वाचून दाखवलं : "सेक्रेटरीकाकांची कुंडी मी फोडली होती."

"तूच का तो!" कोपऱ्यातून आवाज आला.

"आता मला काही आठवत नाही," दांडगा डबा बंद करत म्हणाला. नियम नियम होता. सेक्रेटरींना शिस्त मान्य करावी लागली.

मग काय विचारता! चष्मेवालीने चष्मा पहिल्यांदा लावला त्या दिवसाचं वर्गातलं हसणं टाकलं. जुळ्यांपैकी एकीने "आपण दोघींतली मोठी मी आहे" हे टाकलं, दुसरीने ते लगेच डब्यातून काढून स्वतःचं म्हणून ठेवलं, त्यावर दहा मिनिटं कायदेशीर भांडण झालं. सरांनी कोणी न मागता एक चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि कोणाला न दाखवता टाकली. जादू आता महाग झाली होती, त्यामुळे प्रत्येक मंत्राआधी कुजबुज, सल्लामसलत, "नको, हा मी म्हणतो, तू ती आठवण ठेव" असं सुरू झालं. फासा सतराच आणत होता, पण फाशाकडे बघत होतं कोण?

ड्रॅगन खोकला. आईने असा खोकला काढला की बाळ टाळ्या वाजवायला लागलं. मुलांनी त्याला मारलं नाही. सगळ्या बादल्या पुढे ओढून त्याला पाणी पाजलं. सेक्रेटरींनी वाळू देऊ केली, ती नम्रपणे नाकारण्यात आली. बरं वाटलेला ड्रॅगन बाजूला सरकला, आणि त्याच्या मागे डोंगरातलं ते बंद दार दिसलं. आईला ते नऊ वेळा दिसलं होतं. मंत्र एकच शिल्लक होता.

"हा सगळ्यात मोठा आहे," चष्मेवाली हळूच म्हणाली. "ह्याला मोठी आठवण लागेल. कोण देणार?"

"मी," मुंगी म्हणाली.

तिने लिहिलं. बराच वेळ लिहिलं. चिठ्ठीची बारीक घडी घातली आणि डब्यात टाकण्याऐवजी आईच्या मुठीत दिली. "तू टाक. वाचलीस तरी चालेल. मला आता आठवत नाही."

आईने घडी अर्धी उघडली. पेन्सिलीने, दाबून लिहिलं होतं : लिफ्टमध्ये एकटीने गेले ते सगळे दिवस.

चिठ्ठी डब्यात टाकायला तिला थोडा वेळ लागला. सासूबाईंनी बाळाचं नाक पुसता पुसता तोच रुमाल तिच्यापुढे धरला. तिने तो घेतलाही.

मुंगीने मंत्र म्हटला. फासा टाकला. फासा घरंगळला, बादलीला आपटला, डळमळला आणि जन्मात पहिल्यांदा विसावर थांबला.

हॉलमध्ये असा आरडाओरडा झाला की वाळूच्या बादलीला धक्का बसून ती कलंडली आणि सेक्रेटरींना अखेर वाळू वापरल्याचं समाधान मिळालं. दांडगा मुंगीचा हात वर धरून नाचत होता. जुळ्या "मुंगी, मुंगी" ओरडत होत्या, आणि ते नाव एवढ्या मोठ्या आवाजात आजवर घरातसुद्धा कोणी उच्चारलं नव्हतं.

मग हळूहळू सगळे शांत झाले. खुर्च्या पुढे सरकल्या. पाच मुलं, दोन म्हातारी माणसं, एक सेक्रेटरी आणि मंगळवारी बोललेले साहेब असते तर तेही, सगळे आईकडे बघायला लागले. दार उघडलं होतं.

मुंगी आईच्या गुडघ्यांना टेकून उभी राहिली. तिचे गाल लाल झाले होते.

"आई," तिने विचारलं, "आत काय आहे?"

आईने तोंड उघडलं, आणि